प्रतिस्पर्धा, उत्तेजके आणि उत्तरदायित्व : सेऊल ऑलिंपिकमधील १०० मीटर शर्यतीचा पुनर्विचार

प्रस्तावना

आधुनिक ऑलिंपिकच्या इतिहासात १०० मीटर धावण्याच्या शर्यतीला एक विशेष स्थान आहे. जेमतेम दहा सेकंदांत संपणारी ही शर्यत जगातील सर्वांत वेगवान मनुष्य कोण, या प्रश्नाचे उत्तर देते, अशी जनसामान्यांची समजूत असते. त्यामुळे तिच्या विजेत्याला मिळणारी कीर्ती, पैसा आणि त्याच्या देशाला लाभणारी प्रतिष्ठा इतर अनेक क्रीडाप्रकारांच्या तुलनेत मोठी असते. २४ सप्टेंबर १९८८ रोजी दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथे झालेली पुरुषांची अंतिम शर्यत कॅनडाच्या बेन जॉन्सनने ९.७९ सेकंदांत, नव्या विश्वविक्रमासह जिंकली. तीनच दिवसांनी त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले आणि ते अमेरिकेच्या कार्ल लुईसला देण्यात आले.

या घटनेचे जे वर्णन पुढे रूढ झाले ते सोपे आहे. एका लबाड धावपटूने निषिद्ध द्रव्य घेऊन प्रतिस्पर्ध्याला हरवले, प्रयोगशाळेने त्याला पकडले आणि पदक खऱ्या हक्कदाराकडे गेले. या वर्णनातील प्रत्येक घटना खरी आहे; तथापि त्यातून निघणारा अर्थ अपुरा आहे. जॉन्सन आणि लुईस यांच्यातील चुरशीमुळे उत्तेजकसेवनाच्या प्रश्नाला दोन माणसांच्या द्वंद्वाचे रूप आले आणि त्या द्वंद्वाच्या आड चाचणीव्यवस्था, क्रीडासंघटना व शासन यांची जबाबदारी झाकली गेली. ती उघड झाली ती मुख्यत्वे शपथेवर दिलेल्या साक्षींमुळे. प्रयोगशाळेतील यंत्रांचा त्यातील वाटा मर्यादित होता. हे प्रतिपादन तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. त्यासाठी शर्यतींचे निकाल, क्रीडासंस्थांचे निर्णय आणि कॅनडातील डबिन आयोगाचे कामकाज या सार्वजनिक नोंदींचा आधार घेतला आहे.

१. चाचणीव्यवस्थेची जडणघडण

मैदानी क्रीडास्पर्धांतील उत्तेजकांवरील बंदी नवी नाही. आंतरराष्ट्रीय मैदानी क्रीडा महासंघाने १९२८ मध्येच उत्तेजकांचा वापर निषिद्ध ठरवला होता. परंतु निषिद्ध द्रव्य शोधून काढण्याचे साधन नसल्याने ही बंदी कागदावरच राहिली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९६७ मध्ये वैद्यकीय आयोग नेमला आणि १९६८ च्या ऑलिंपिकपासून चाचण्यांना प्रारंभ झाला. स्नायूंची वाढ घडवून आणणाऱ्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडचा शोध घेण्याची पद्धत मात्र १९७० च्या दशकाच्या मध्यावर विकसित झाली. १९७५ मध्ये स्टेरॉइडचा समावेश निषिद्ध यादीत करण्यात आला आणि १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये त्यांची पहिली चाचणी झाली.

या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती. चाचणी होत असे ती स्पर्धेच्या दिवशी. स्टेरॉइडचा उपयोग मात्र सरावाच्या काळात होतो. त्यांच्या साहाय्याने खेळाडू अधिक कठोर सराव करू शकतो, सरावानंतर लवकर सावरतो आणि स्नायूंची शक्ती वाढवतो. स्पर्धेपूर्वी पुरेसे दिवस औषध थांबवले की त्याचे अवशेष मूत्रातून नाहीसे होतात. कमावलेली शक्ती मात्र काही काळ टिकून राहते. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी होणारी चाचणी हिशेब चुकलेल्या खेळाडूलाच पकडू शकत होती. ज्याचा हिशेब बरोबर होता, त्याला तीच चाचणी निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र देत होती.

या उणिवेचा सर्वांत पद्धतशीर उपयोग पूर्व जर्मनीने केला. १९७४ मध्ये तेथे क्रमांक १४.२५ ही शासकीय योजना आखण्यात आली आणि येनाफार्म या सरकारी कारखान्यात तयार होणाऱ्या ओरल-ट्युरिनाबोल या स्टेरॉइडच्या गोळ्या खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलींनाही, देण्यात आल्या. अनेकींना त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या असल्याचे सांगण्यात येत होते. परदेशी स्पर्धांना निघण्यापूर्वी खेळाडूंचे नमुने क्रायशा येथील प्रयोगशाळेत तपासले जात आणि ज्याच्या नमुन्यात अवशेष सापडत त्याला मागे ठेवले जाई. ज्या प्रयोगशाळेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता होती, तीच चाचणी चुकवण्याचे साधन बनली होती. हे सारे बर्लिनची भिंत पडल्यानंतर, वेर्नर फ्रांके आणि ब्रिगिटे बेरेंडोंक यांनी मिळवलेल्या कागदपत्रांमुळे जगासमोर आले.

पाश्चात्त्य देशांतील परिस्थिती वेगळी असली तरी निर्मळ नव्हती. १९८३ मध्ये व्हेनेझुएलातील काराकास येथे झालेल्या पॅन-अमेरिकन स्पर्धांत अधिक अचूक चाचणीयंत्रणा बसवण्यात आली. ती किती सूक्ष्म आहे हे लक्षात येताच काही अमेरिकन खेळाडू स्पर्धेत न उतरताच मायदेशी परतले. सेऊलच्या पाच वर्षे आधी घडलेला हा प्रसंग क्रीडाजगताला पुरेसा इशारा होता. त्यावरून व्यवस्थेत मूलभूत बदल मात्र झाला नाही.

२. दोन धावपटू, एक चुरस

कार्ल लुईसचा जन्म १ जुलै १९६१ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. त्याचे आईवडील दोघेही मैदानी खेळांचे प्रशिक्षक होते. ह्यूस्टन विद्यापीठात प्रशिक्षक टॉम टेलेझ यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे कौशल्य फुलले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि ४ × १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली. १९३६ मध्ये बर्लिन येथे जेसी ओवेन्सने याच चार प्रकारांत मिळवलेल्या यशाची ती पुनरावृत्ती होती.

बेन जॉन्सनचा जन्म ३० डिसेंबर १९६१ रोजी जमैकातील फाल्मथ येथे झाला. १९७६ मध्ये त्याचे कुटुंब कॅनडात स्थलांतरित झाले आणि टोरांटोजवळच्या स्कारबरो भागात त्याच्या धावण्याला प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांचे मार्गदर्शन लाभले. फ्रान्सिस हे स्वतः कॅनडाचे नामांकित धावपटू होते. लॉस एंजेलिसमध्ये लुईसने ९.९९ सेकंदांत सुवर्ण मिळवले, तेव्हा जॉन्सन १०.२२ सेकंदांसह तिसरा आला. दोघांतील अंतर सुमारे पाव सेकंदाचे होते. या शर्यतीत ते फार मोठे मानले जाते.

पुढील चार वर्षांत हे अंतर नाहीसे झाले आणि उलटले. १९८५ मध्ये झ्युरिच येथे जॉन्सनने लुईसला पहिल्यांदा हरवले. १९८६ मध्ये मॉस्कोतील गुडविल स्पर्धेत त्याने ९.९५ सेकंदांची नोंद केली. ३० ऑगस्ट १९८७ रोजी रोम येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो ९.८३ सेकंदांत धावला. कॅल्विन स्मिथचा ९.९३ सेकंदांचा विश्वविक्रम त्याने एका फटक्यात एक दशांश सेकंदाने मागे टाकला. लुईसने त्याच शर्यतीत ९.९३ सेकंदांसह त्या जुन्या विक्रमाची बरोबरी केली. तरीही तो दुसरा आला. १९६८ मधील जिम हाइन्सचा ९.९५ सेकंदांचा विक्रम मोडायला पंधरा वर्षे लागली होती आणि तो मोडला गेला केवळ दोन शतांश सेकंदांनी. हे लक्षात घेतले म्हणजे रोमच्या नोंदीचे असाधारणत्व ध्यानी येते.

रोमनंतर लुईसने कोणाचेही नाव न घेता या स्पर्धेतील काही सुवर्णविजेते उत्तेजके घेतात, असे जाहीरपणे सांगितले. रोमच्या चाचणीत जॉन्सन निर्दोष ठरला होता. त्यामुळे लुईसच्या या विधानाकडे पराभूताची कुरकुर म्हणून पाहिले गेले. चुरशीची भाषा किती प्रबळ असते याचे हे उदाहरण आहे. व्यवस्थेविषयी केलेला आरोप प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून आला की त्याचा अर्थ वैयक्तिक असूया असाच लावला जातो.

या चुरशीत पैशाचाही मोठा भाग होता. १९८० च्या दशकात हौशीपणाचे जुने नियम शिथिल होऊन धावपटूंना मानधन व जाहिरातींचे उत्पन्न विश्वस्त निधीमार्फत मिळू लागले होते. युरोपातील स्पर्धांचे आयोजक जॉन्सन आणि लुईस यांना समोरासमोर आणण्यासाठी मोठ्या रकमा मोजायला तयार असत. १७ ऑगस्ट १९८८ रोजी झ्युरिचच्या शर्यतीत लुईस ९.९३ सेकंदांसह पहिला आणि जॉन्सन १०.०० सेकंदांसह तिसरा आला. मांडीच्या दुखापतीतून जॉन्सन नुकताच सावरत होता. सेऊलला अवघे पाच आठवडे उरले होते.

३. सेऊल : शर्यत आणि तीन दिवस

सेऊलच्या अंतिम शर्यतीत जॉन्सनने पहिल्या काही पावलांतच आघाडी घेतली आणि ती शेवटपर्यंत टिकवली. अंतिम रेषा ओलांडण्यापूर्वीच त्याने उजवा हात वर केला होता. लुईस ९.९२ सेकंदांसह दुसरा, ब्रिटनचा लिनफर्ड ख्रिस्ती ९.९७ सेकंदांसह तिसरा आणि कॅल्विन स्मिथ ९.९९ सेकंदांसह चौथा आला. एकाच शर्यतीत चार धावपटूंनी दहा सेकंदांच्या आत धाव पूर्ण करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे पर्सी विल्यम्सने मिळवलेल्या यशानंतर साठ वर्षांनी कॅनडाला या शर्यतीचे सुवर्ण मिळाले. पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी दूरध्वनीवरून जॉन्सनचे अभिनंदन केले.

शर्यतीनंतर घेतलेल्या मूत्रनमुन्यात स्टॅनोझोलोल या ॲनाबॉलिक स्टेरॉइडचे अवशेष आढळले. दुसऱ्या नमुन्यानेही तोच निष्कर्ष दिला. कॅनडाच्या पथकाच्या वतीने असा बचाव मांडण्यात आला की, चाचणीकक्षात कोणीतरी जॉन्सनच्या पेयात हे द्रव्य मिसळले असावे. जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड डोनिके यांनी नमुन्यातील संप्रेरकांचे प्रमाण दाखवून हे सेवन दीर्घकालीन असल्याचे स्पष्ट केले. एका घोटातून तसा परिणाम संभवत नव्हता. वैद्यकीय आयोगाने बचाव फेटाळला. कॅनडाच्या पथकप्रमुख कॅरल ॲन लेथरन यांनी जॉन्सनच्या खोलीत जाऊन पदक परत घेतले आणि २७ सप्टेंबर रोजी अपात्रतेची घोषणा झाली.

त्यानंतरची प्रतिक्रिया अभ्यासनीय आहे. कॅनडाचे क्रीडाराज्यमंत्री जाँ शारे यांनी जॉन्सनला राष्ट्रीय संघाचे दरवाजे कायमचे बंद झाल्याचे जाहीर केले. जो तीन दिवसांपूर्वी 'कॅनडाचा वीर' होता, त्याचा उल्लेख आता 'जमैकात जन्मलेला' धावपटू असा होऊ लागला. विजय राष्ट्राचा आणि अपराध व्यक्तीचा, अशी ही विभागणी होती. चौकशी होण्यापूर्वीच दोष निश्चित झाला होता आणि तो एकट्या जॉन्सनवर ठेवण्यात आला होता.

४. डबिन आयोग : शपथेवरील इतिहास

कॅनडाच्या शासनाने ऑक्टोबर १९८८ मध्ये ओंटारिओचे ज्येष्ठ न्यायमूर्ती चार्ल्स डबिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगासमोर शंभराहून अधिक साक्षी झाल्या. त्यांत खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर, शास्त्रज्ञ, क्रीडासंघटनांचे पदाधिकारी आणि शासकीय अधिकारी होते. साक्षी शपथेवर व जाहीरपणे झाल्या. क्रीडाक्षेत्राच्या इतिहासात ही गोष्ट नवी होती. तोपर्यंत उत्तेजकसेवनाची प्रकरणे क्रीडासंस्थांच्या बंद दालनांत हाताळली जात.

मार्च १९८९ मध्ये झालेली चार्ली फ्रान्सिस यांची साक्ष निर्णायक ठरली. त्यांनी आपल्या चमूतील स्टेरॉइडचा वापर कसा सुरू झाला व वाढला हे सविस्तर सांगितले. धावपटू अँजेला टेलर इसाजेंको हिने १९७९ मध्ये आणि जॉन्सनने १९८१ मध्ये स्टेरॉइड घेण्यास प्रारंभ केल्याचे त्यांच्या साक्षीतून नोंदले गेले. फ्रान्सिस यांचा युक्तिवाद असा होता की, सर्वोच्च पातळीवर स्टेरॉइडमुळे १०० मीटरच्या शर्यतीत साधारण एक मीटरचा फरक पडतो. प्रतिस्पर्धी ती घेत असतील तर न घेणाऱ्याला सुरुवातीपासूनच एक मीटर मागे उभे राहावे लागते. सेऊलमध्ये जॉन्सन आणि लुईस यांच्यात शेवटी उरलेले अंतर साधारण दीड मीटर होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

फ्रान्सिस यांचा हा युक्तिवाद नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला तो डावलता येत नाही. कारण चुरस उत्तेजकसेवनाचे कारण कशी बनते हे त्यातून स्पष्ट होते. येथे प्रत्यक्ष पुराव्याची गरज राहत नाही. प्रतिस्पर्धी उत्तेजके घेत असावा हा संशयच पुरेसा ठरतो आणि चाचणीवर कोणाचाही विश्वास नसल्याने त्या संशयाचे निरसन होण्याचा मार्ग उरत नाही. विश्वासार्ह चाचणीचा अभाव हा त्यामुळे केवळ तांत्रिक दोष न राहता उत्तेजकसेवनाला चालना देणारा घटक ठरतो.

डॉक्टर जेमी ॲस्टाफन यांच्या साक्षीतून औषधाची हकिकत पुढे आली. ते खेळाडूंना जे इंजेक्शन 'एस्ट्रागोल' या नावाने देत असत, ते प्रत्यक्षात जनावरांसाठी विकले जाणारे स्टॅनोझोलोल होते, असे आयोगाला आढळले. आपल्या शरीरात नेमके काय जात आहे हे खेळाडूंना ठाऊक नव्हते. ऑगस्ट १९८८ च्या उत्तरार्धातही जॉन्सनला ही इंजेक्शने देण्यात आली होती. दुखापतीमुळे वाया गेलेला काळ भरून काढण्याच्या घाईत औषध थांबवण्याचा हिशेब चुकला, असे घटनाक्रमावरून दिसते. जून १९८९ मध्ये जॉन्सनने स्वतः आयोगासमोर स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली.

जून १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात डबिन यांनी धावपटूला दोषमुक्त केले नाही. परंतु दोषाची कक्षा विस्तारली. स्पर्धेच्या दिवशी होणाऱ्या चाचण्या निष्काळजी किंवा चुकीचा सल्ला मिळालेल्या खेळाडूलाच पकडू शकतात, ही गोष्ट आंतरराष्ट्रीय क्रीडासंस्थांच्या वैद्यकीय वर्तुळांत माहीत होती. जनतेला मात्र या चाचण्या प्रभावी असल्याचे भासवण्यात आले, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय होता. कॅनडातील मैदानी क्रीडा संघटना व शासकीय क्रीडा विभाग यांच्या कानावर उत्तेजकसेवनाच्या वार्ता येत होत्या; तरीही परिणामकारक चौकशी झाली नाही, यावरही अहवालाने ठपका ठेवला. खेळाडूला मिळणारे शासकीय साहाय्य आंतरराष्ट्रीय क्रमवारीतील स्थानाशी जोडलेले होते. म्हणजे निषिद्ध द्रव्याला बंदी करणारे शासनच, त्याशिवाय गाठणे कठीण वाटावे अशा वेगाची अपेक्षा धरत होते.

आयोगाच्या शिफारशींत स्पर्धेबाहेर, पूर्वसूचनेशिवाय चाचण्या घेण्यावर भर होता. कॅनडात त्यानंतर स्वतंत्र उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली आणि आंतरराष्ट्रीय महासंघही सेऊलनंतरच्या काळात स्पर्धेबाहेरील चाचण्यांकडे वळला. या बदलामागे आयोगाच्या साक्षींनी निर्माण केलेला दबाव होता.

याच काळात घडलेली एक गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. रोममधील ९.८३ सेकंदांच्या शर्यतीनंतरच्या चाचणीत जॉन्सन निर्दोष ठरला होता. आयोगासमोरील कबुलीच्या आधारे महासंघाने १९८९ मध्ये नवा नियम केला आणि तो विक्रम व रोमचे सुवर्ण रद्द केले. निर्णय नियमाला धरून होता. परंतु त्यातून मिळालेला संदेश असा होता की, जो खरे बोलेल तो सारे गमावेल आणि जो गप्प राहील त्याची पदके शाबूत राहतील. ज्या सत्यकथनामुळे व्यवस्था सुधारली, त्याचीच किंमत सांगणाऱ्याला मोजावी लागली.

५. उरलेल्या सात जणांचा प्रश्न

जॉन्सन अपात्र ठरल्यावर लुईस पहिला, ख्रिस्ती दुसरा आणि स्मिथ तिसरा ठरला. या फेररचनेमागे एक अव्यक्त गृहीतक होते : एक दोषी बाजूला केला की उरलेला क्रम खरा आहे. पुढील घटनांनी या गृहीतकावर प्रश्नचिन्ह लावले.

ख्रिस्तीच्या नमुन्यात सेऊलमध्येच स्यूडोएफेड्रिन या उत्तेजकाचा अंश सापडला होता. वैद्यकीय आयोगाने अकरा विरुद्ध दहा अशा मतांनी त्याला निर्दोष ठरवले. १९९९ मध्ये मात्र नँड्रोलोन प्रकरणी त्याच्यावर बंदी आली. पाचवा आलेला अमेरिकेचा डेनिस मिचेल १९९८ मध्ये टेस्टोस्टेरॉनसाठी दोषी आढळला. कॅनडाचा दुसरा धावपटू डेसाई विल्यम्स याचे नाव डबिन आयोगासमोरील साक्षींत आले. जमैकाचा रे स्टुअर्ट याच्यावर पुढे प्रशिक्षक म्हणून उत्तेजकप्रकरणी २०१० मध्ये आजीव बंदी घालण्यात आली. लुईसबाबत २००३ मध्ये अशी माहिती उघड झाली की, सेऊलपूर्वी झालेल्या अमेरिकेच्या निवड चाचणीत त्याच्या नमुन्यांत सर्दीच्या औषधांत असणाऱ्या उत्तेजकांचे अल्प प्रमाण आढळले होते आणि अमेरिकन ऑलिंपिक समितीने ते अनवधानाने घडल्याचा खुलासा स्वीकारला होता.

या प्रकरणांत तारतम्य बाळगणे आवश्यक आहे. लुईसच्या नमुन्यातील प्रमाण किरकोळ होते, ती द्रव्ये स्टेरॉइड नव्हती आणि तत्कालीन नियमांनुसार तो निर्णय योग्य होता असे आंतरराष्ट्रीय महासंघाने नंतर मानले. जॉन्सनच्या दीर्घकालीन स्टेरॉइडसेवनाशी त्याची बरोबरी करणे अन्याय्य ठरेल. आक्षेपार्ह आहे ती गोपनीयता. जॉन्सनचे प्रकरण तीन दिवसांत जगभर झाले आणि लुईसचे पंधरा वर्षे कपाटात राहिले. निर्णय योग्य होता तर तो लपवण्याचे कारण नव्हते. लपवल्यामुळे योग्य निर्णयही संशयास्पद झाला. त्या अंतिम शर्यतीतील आठांपैकी कॅल्विन स्मिथ आणि ब्राझीलचा रॉबसन दा सिल्व्हा या दोघांचे नाव कोणत्याही उत्तेजक प्रकरणात आले नाही. स्मिथला कांस्यपदक मिळाले. परंतु त्या दिवशी विजयमंचावर उभे राहण्याची संधी त्याला मिळाली नाही.

६. चुरशीचे दुसरे रूप

प्रतिस्पर्धा ही उत्तेजकसेवनाला प्रवृत्त करते, तशीच ती त्याचा भेदही करू शकते. २००३ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे एका अज्ञात प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज पाठवली. ती ट्रेव्हर ग्रॅहॅम यांनी पाठवल्याचे नंतर उघड झाले. लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत डॉन कॅटलिन यांनी तिच्यातील द्रवातून टेट्राहायड्रोजेस्ट्रिनोन हे तोवर अज्ञात असलेले स्टेरॉइड ओळखले. त्यातून कॅलिफोर्नियातील 'बाल्को' या संस्थेचे प्रकरण बाहेर आले. ग्रॅहॅम हे काही सत्यशोधक नव्हते. पुढे तेही शिक्षेस पात्र ठरले. प्रतिस्पर्धी गटाला उघडे पाडण्याच्या ईर्षेतून त्यांनी केलेल्या कृतीने ते साधले, जे शेकडो नियमित चाचण्यांना साधले नव्हते.

या प्रकरणात टिम माँटगोमेरी याचा २००२ मधील ९.७८ सेकंदांचा विश्वविक्रम डिसेंबर २००५ मध्ये क्रीडा लवादाने रद्द केला. त्याची कोणतीही चाचणी दोषी ठरली नव्हती. साक्ष व कागदपत्रे यांवर निर्णय झाला. मेरियन जोन्सने अनेक वर्षे इन्कार केल्यानंतर ऑक्टोबर २००७ मध्ये कबुली दिली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील पाचही पदके परत केली.

या टप्प्यावर सेऊलशी तुलना उद्बोधक ठरते. नियमाप्रमाणे सिडनीच्या १०० मीटर शर्यतीचे सुवर्ण दुसऱ्या आलेल्या ग्रीसच्या कॅटरिना थानू हिला मिळायला हवे होते. परंतु २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपूर्वी चाचणी चुकवल्याच्या प्रकरणात तिचे नाव गाजले होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने डिसेंबर २००९ मध्ये ते सुवर्ण कोणालाही न देण्याचा निर्णय घेतला. थानूचे रौप्य कायम राहिले, जमैकाच्या टायना लॉरेन्सला कांस्याऐवजी रौप्य आणि मर्लिन ऑटीला कांस्य देण्यात आले. निकालपत्रकातील ही रिकामी जागा बोलकी आहे. पहिल्याला दोषी ठरवल्याने दुसरा आपोआप निर्दोष ठरत नाही, हे १९८८ मध्ये न उच्चारलेले सत्य २००९ मध्ये त्या रिकाम्या जागेने मान्य केले.

तरीही द्वंद्वाची गोष्ट सांगण्याचा मोह सरला नाही. २०१५ मध्ये बीजिंग येथील जागतिक स्पर्धेत जमैकाचा उसेन बोल्ट आणि दोनदा बंदी भोगून परतलेला अमेरिकेचा जस्टिन गॅटलिन यांच्यातील शर्यत प्रसारमाध्यमांनी सत्प्रवृत्ती व दुष्प्रवृत्ती यांचा सामना म्हणून रंगवली. बोल्ट ९.७९ आणि गॅटलिन ९.८० सेकंदांत धावला. २०१७ मध्ये लंडन येथे गॅटलिन ९.९२ सेकंदांत जिंकला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. त्याच वर्षाच्या प्रारंभी बीजिंग ऑलिंपिकमधील २००८ च्या नमुन्यांच्या फेरतपासणीत नेस्टा कार्टर दोषी ठरल्याने जमैकाच्या रिले संघाचे सुवर्ण काढून घेण्यात आले होते आणि त्यासोबत बोल्टचेही ते पदक गेले. स्वतःचा कोणताही अपराध सिद्ध न होता त्याने ते गमावले. माणसांची नायक व खलनायक अशी केलेली वाटणी निकालपत्रकाच्या कसोटीवर किती तोकडी पडते, हे यावरून दिसते.

समारोप आणि निष्कर्ष

सेऊलनंतर व्यवस्था बदलली, यात शंका नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली, तिची संहिता २००४ पासून लागू झाली, नमुने अनेक वर्षे जपून ठेवून फेरतपासणी करण्याची पद्धत आली आणि २०१७ मध्ये मैदानी खेळांसाठी स्वतंत्र सचोटी यंत्रणा कार्यरत झाली. वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) कमी पल्ल्याच्या शर्यतींतील चुरस हे उत्तेजकसेवनाचे एक कारण असले तरी ते प्रभावी ठरते ते चाचणीवर खेळाडूंचा विश्वास नसताना. प्रतिस्पर्धी निर्दोष असल्याची खात्री देता आली नाही, तर नियम पाळणारा स्वतःला फसवला गेलेला समजतो.

२) जॉन्सन व लुईस यांच्या चुरशीला दिलेल्या द्वंद्वाच्या रूपामुळे क्रीडासंघटना, प्रशिक्षक, डॉक्टर आणि शासन यांची जबाबदारी प्रारंभी दुर्लक्षित राहिली. डबिन आयोग नसता तर सेऊलचा इतिहास एका माणसाच्या अपराधापुरताच राहिला असता.

३) उत्तेजकविरोधी व्यवस्थेतील महत्त्वाची वळणे डबिन आयोगातील साक्षी, पूर्व जर्मनीची कागदपत्रे आणि 'बाल्को' प्रकरणातील सिरिंज यांमुळे आली. प्रयोगशाळेचे कार्य अपरिहार्य आहे. परंतु तिला काय शोधायचे हे बहुधा माणसांनी सांगितले आहे.

४) सत्य सांगणाऱ्याला गप्प राहणाऱ्यापेक्षा अधिक शिक्षा देणारी व्यवस्था स्वतःच्या माहितीचे स्रोत बंद करते.

जॉन्सन १९९१ मध्ये मैदानात परतला, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीतच बाद झाला आणि १९९३ मध्ये पुन्हा दोषी आढळल्याने त्याच्यावर आजीव बंदी आली. त्याचा अपराध त्याचाच होता आणि त्याची शिक्षाही त्याने भोगली. ज्या प्रशिक्षणपद्धतीने त्याला घडवले, ज्या संघटनेने डोळेझाक केली आणि ज्या चाचणीने त्याला आधी निर्दोष ठरवले, त्यांचा हिशेब मात्र क्रीडाक्षेत्राने स्वतःहून मांडला नाही. तो मांडण्यासाठी मैदानाबाहेरच्या न्यायाधीशाला बोलवावे लागले. क्रीडासंस्थांच्या स्वयंशासनाच्या मर्यादा दाखवणारा पुरावा म्हणून सेऊलच्या त्या शर्यतीचे ऐतिहासिक मोल आहे.